सेवाभावाची सबब

आमच्या समाजात गुणिजनांचा सत्कार करण्याची जी रीत पडून गेली आहे, तिच्याविषयी आज आम्हांस चार कडू शब्द लिहावयाचे आहेत. ते लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. वकिलीच्या धंद्यात अनेक वर्षे घालविल्यावर एवढे तरी कळू लागते की, दुसऱ्यावर आरोप ठेवावयाचा तर आधी आपले हात स्वच्छ असावे लागतात. आणि प्रस्तुत प्रकरणी आमचे ते तसे नाहीत. म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम आम्हीच उभे राहतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. येथे इंदुरात एका देवस्थानाचा वार्षिकोत्सव होता. पालखी होऊन गेली होती, महाप्रसादाच्या पंक्तींना अवकाश होता, आणि मधल्या वेळात सभामंडपात ज्ञातीतील गुणवंतांचा सत्कार चालला होता. परीक्षांत वर आलेली मुले झाली, नव्याने डॉक्टर व इंजिनियर झालेले तरुण झाले, आणि अखेरीस एका बाईंचे नाव पुकारले गेले. बाई एका महाविद्यालयातील विद्यार्थिनींच्या बास्केटबॉल संघास शिकवीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली विद्यापीठाच्या संघातून खेळल्या होत्या. दोघीतिघींना खेळाच्या बळावर रेल्वेत नोकऱ्या लागल्या होत्या. बाईंना शाल, श्रीफळ व मानपत्र अर्पण करण्यात आले. मानपत्राचा मसुदा आमचा होता. या भगिनीने ‘एका पैशाचीही अपेक्षा न धरता, केवळ सेवाभावाने’ आपले आयुष्य कन्यांच्या क्रीडाशिक्षणास वाहिले आहे, असे आम्ही त्यात लिहिले होते. टाळ्या पडल्या. आपले वाक्य बरे साधले, असे आम्हांसही वाटले.

गेल्या पावसाळ्यात त्याच बाई आमच्या कचेरीत आल्या. त्यांची वा त्यांच्या संस्थेची ओळख पटेल असे काहीही आम्ही येथे लिहीत नाही. तशी गरजही नाही, कारण असे प्रकरण एकाच संस्थेत घडते असे मानण्याइतके भोळे आमचे वाचक नाहीत. बाईंच्या पिशवीत अकरा वर्षांची अकरा पत्रे होती. प्रत्येक पत्र जुलैत सुरू होई आणि एप्रिलअखेर संपे. मे व जून हे महिने त्यांच्या नोकरीच्या पंचांगात नव्हतेच. वस्तुतः मे महिन्यातच उन्हाळी शिबिर भरे आणि पुढील वर्षाचा संघ घडे. एका पत्रात त्या ‘सहायिका’ होत्या, दुसऱ्यात ‘अतिथी’, तिसऱ्यात ‘संघ व्यवस्थापिका’. ‘प्रशिक्षिका’ हा शब्द मात्र अकरांपैकी एकाही पत्रात नव्हता. मधल्या एका वर्षी पत्रच नव्हते. आम्ही कारण विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, “त्या वर्षी माझी मुलगी झाली.” पुढच्या जुलैत पुन्हा ‘नवीन नेमणूक’ म्हणून पत्र मिळाले होते. आणि आता, बाराव्या वर्षी, आवश्यकता नाही असे तोंडी सांगण्यात आले होते.

आपले काही येणे निघते काय, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. त्यांनी कागद एकामागून एक काढून दिले, आणि सर्वांच्या तळाशी, सुरकुती पडू नये म्हणून वेगळ्या वेष्टनात घातलेले, आमचे मानपत्र निघाले. “पत्रांत काही का असेना, वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या, “यात तरी स्वच्छ लिहिले आहे की मी शिकवीत होते.” आम्ही ते वाचले. आमच्याच हातचे वाक्य होते. प्रतिपक्षाच्या वकिलाच्या हाती याहून सोयीचा कागद आम्ही ठरवूनही दिला नसता.

हे असे का, ते कायदा न शिकलेल्या वाचकांसाठी थोडे उकलून सांगतो. १८७२ च्या करार कायद्याचे सत्तरावे कलम असे आहे की, एखाद्याने दुसऱ्याकरिता कायदेशीरपणे काही काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्या कामाचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला दिला पाहिजे. लेखी करार नसलेल्या गरिबाला हे कलम फार मोठा आधार आहे. परंतु त्याचा सारा भार ‘फुकट करण्याचा हेतू नव्हता’ या चार शब्दांवर आहे. आणि आम्ही तर देवासमोर, शेकडो माणसांदेखत, वाजतगाजत लिहून दिले होते की बाईंचा हेतू फुकट करण्याचाच होता.

न्यायालये या बाबतीत उदासीन आहेत असे नव्हे. २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे ठरविले खरे की, रीतसर निवडीवाचून मिळालेली तात्पुरती सरकारी नोकरी कितीही वर्षे चालली तरी केवळ तेवढ्यावरून ती कायम होत नाही. परंतु २०१६ साली जगजित सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, कायम नोकराचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या नोकरास त्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळालेच पाहिजे. प्रसूतीच्या रजेचा तेव्हाचा १९६१ चा कायदा रोजंदारीवरील स्त्रियांनाही लागू होता, हे २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या स्त्री-कामगारांच्या खटल्यात ठरले. आणि कराराची मुदत संपली म्हणून तो लाभ मध्येच तोडता येत नाही, हे २०२३ साली एका करारी डॉक्टरबाईंच्या प्रकरणात ठरले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतील करारी प्राध्यापकांच्या प्रकरणी निकाल देताना तर न्यायमूर्तींनी आम्हां सर्वांच्या वर्मावर बोट ठेवले. समारंभांतून गुरुवंदनेचा श्लोक म्हणत राहणे पुरेसे नाही, त्या श्लोकावर आपली श्रद्धा असेल तर ती शिक्षकांस मिळणाऱ्या वागणुकीत दिसली पाहिजे, अशा आशयाचे ते उद्गार आहेत. हे निकाल मुख्यतः सरकारी व निमसरकारी नोकरीसंबंधीचे आहेत. खाजगी संस्थेची वाट अधिक बिकट असते. तथापि दोन्हीकडे दाराची किल्ली एकच आहे. ते काम ही नोकरी होती, असे आधी दिसावे लागते. ‘सेवाभाव’ या शब्दाने नेमके तेच झाकले जाते.

बाईंचे प्रकरण चालू आहे, सबब त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नव्हे. परंतु त्यानंतर आमच्या ज्ञातीच्या एका बैठकीत आम्ही हा विषय काढला, तेव्हा एका वयोवृद्ध व सर्वमान्य गृहस्थांनी जे उत्तर दिले, त्याचा मात्र जाहीर समाचार घेणे आम्ही आपले कर्तव्य समजतो; कारण ते उत्तर त्यांचे एकट्याचे नाही. ते म्हणाले, “मुलींनी खेळावे, आमची ना नाही. पण खेळ शिकविणे ही सेवा आहे. सेवेचा बाजार मांडला की तिचे पावित्र्य गेले.”

आम्ही या गृहस्थांचा आदर करतो. म्हणूनच त्यांना त्यांच्याच देवळात घेऊन जातो. देवळात पहाटे उठून देवाला स्नान घालणारा पुजारी सेवाच करतो ना? पालखीपुढे सनई-चौघडा वाजविणारा, समया घासणारा, फुलांच्या माळा पुरविणारा, महाप्रसादाचा स्वयंपाक करणारा आचारी, हे सर्व सेवेकरीच ना? आमच्या पूर्वजांनी यांतील कोणाला ‘एका पैशाचीही अपेक्षा न धरता’ राबविले? कोणास इनाम जमीन, कोणास वर्षासन, कोणास नैवेद्याचा वाटा, कोणास धान्य, असे ज्याचे त्याचे ठरलेले असे; आणि तो वाटा कोणी अडविला तर तंटे राजदरबारापर्यंत जात. कोकण-गोमंतकातील देवस्थानांच्या जुन्या दप्तरांची ज्यांना थोडीबहुत ओळख आहे, त्यांना हे सांगावयास नकोच. आमच्या परंपरेत सेवा आणि उपजीविका यांचे वैर कधीच नव्हते. सेवा म्हणजे फुकट, हा अर्थ अलीकडचा आहे, आणि तो ज्यांना पैसे द्यावयाचे नाहीत त्यांच्या सोयीचा आहे.

या इंदुरात राहून तर असे बोलण्याची कोणाला छाती होऊ नये. या शहरातील विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले आणि १९८८ पासून ते देवी अहिल्येचे नाव मिरविते. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट व धर्मशाळा बांधणारी म्हणून आपण तिला हात जोडतो. परंतु ती केवळ बांधणारी नव्हती. बांधलेल्या वास्तूची पूजाअर्चा, दिवाबत्ती, अन्नछत्र पुढे चालावे म्हणून तिने नेमणुका करून ठेविल्या; दूरदूरच्या देवांना वर्षानुवर्षे गंगोदक पोहोचावे याची व्यवस्था लाविली. इमारत एकदा उभी राहते, नेमणूक दरवर्षी द्यावी लागते. आम्ही अहिल्याबाईंचे नाव घेतो आणि त्यातील सोपा अर्धा भाग तेवढा उचलतो. कोर्टाला नवे सिमेंट होते, खांबांना रंग लागतो, टोपल्यांना नवी जाळी येते, कोनशिलेवर देणगीदारांची नावे येतात. त्या कोर्टावर रोज पहाटे सहाला उभ्या राहणाऱ्या बाईसाठी मात्र कोणत्याही खात्यात रक्कम नसते. २०२३ च्या आरंभी खेलो इंडिया युवा स्पर्धांतील बास्केटबॉलचे सामने इंदुरात झाले. ते पाहावयास आम्हीही रेसकोर्स रस्त्यावर गेलो होतो आणि आपल्या शहराचा आम्हांस अभिमान वाटला. पण त्या मुलींना पहिला चेंडू कोणी हाती दिला, आणि ती व्यक्ती आज काय करून पोट भरते, हा प्रश्न तेव्हा आम्हांसही सुचला नव्हता.

आता या व्यवसायाची वाट कशी आहे ती पाहू. मुलगी शाळेत असताना उंचीमुळे किंवा वडील भावाच्या मागे मागे जाऊन कोर्टावर येते. महाविद्यालयाच्या संघात येते. भाग्य असेल तर विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेस जाते. तेथून दोन रस्ते फुटतात. फार थोड्यांना रेल्वे किंवा दुसरे एखादे खाते खेळाडू म्हणून नोकरी देते. भारताच्या संघातून खेळलेल्या गीतू अॅना जोस व अनिता पॉलदुराई या दोघीही दक्षिण रेल्वेच्या आश्रयाने उभ्या राहिल्या. आमच्या इंदूरच्या संध्या अगरवाल यांनी १९८६ साली इंग्लंडविरुद्ध कसोटीत १९० धावा काढून त्या वेळचा जागतिक विक्रम केला, त्यांच्याही पाठीशी रेल्वे होती. पण हा आश्रय खेळण्यासाठी आहे. गुडघा गेला, वय झाले, की खेळाडूचा कारकून होतो. तिच्या ठायी जी विद्या साठली ती टेबलाच्या खणात पडून राहते.

दुसरा रस्ता शिकविण्याचा. त्यासाठी शिक्षणाची सोय नाही असे म्हणता येत नाही. मद्रासेस ख्रिस्ती युवक संघाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय १९२० साली निघाले. स्वातंत्र्यसंग्रामाच्या शताब्दीनिमित्त १९५७ साली ग्वाल्हेरीस राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने भारत सरकारने महाविद्यालय काढले. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ची. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे कार्य तर १९१४ पासूनचे आहे. मुलगी पदवी घेते, पदव्युत्तर पदवी घेते, जमल्यास पतियाळाची पदविका घेते. आई-बापांचे पैसे व स्वतःची पाच-सहा वर्षे खर्ची पडतात. आणि मग ती महाविद्यालयाच्या दारी येते, तेव्हा तिला कळते की तेथे जे एक पद मंजूर आहे ते ‘क्रीडा अधिकारी’ याचे आहे, बास्केटबॉलच्या प्रशिक्षिकेचे नाही. त्या एका अधिकाऱ्याने सर्व खेळ, सर्व संघ, सर्व बिले व सर्व अहवाल सांभाळावयाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत या अधिकारपदाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्यासाठी स्त्री उमेदवारांची आठ मिनिटांची धाव-चाल परीक्षाही होते. पण जागा मोजक्या, जाहिराती वर्षांनी एकदा. आणि मधला सारा काळ जागा भरून काढतात त्या ‘अतिथी’. मध्य प्रदेशात यांना ‘अतिथी विद्वान’ असे भारदस्त नाव आहे. अतिथी म्हटला की आपण त्याला पाटावर बसवितो. येथे त्याला कामाच्या दिवसापुरते मोजून देतात आणि सुट्टी लागली की रस्ता दाखवितात. २०१९ च्या डिसेंबरात हे अतिथी भोपाळच्या शाहजहानी बागेत थंडीवाऱ्यात धरणे धरून बसले होते, हे वाचकांना आठवत असेल.

ज्या महाविद्यालयात तेही नाही, तेथे मग आमच्या बाईंसारखे ‘मानधन’ असते. या शब्दात मान आधी आणि धन मागून येते. अनुभव असा की पहिले कार्यक्रमापुरते टिकते आणि दुसरे प्रवासखर्चात संपते. विद्यार्थिनींच्या संघाबरोबर परगावी एक स्त्री पाठविलीच पाहिजे असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. पण पुष्कळदा घडते ते असे की, संघाच्या यादीत ‘प्रशिक्षक’ म्हणून एका पुरुषाचे नाव असते आणि वर्षभर शिकविणाऱ्या बाईंचे नाव ‘व्यवस्थापिका’ म्हणून. प्रशिक्षक सामन्याच्या वेळी बाकावर बसतो. व्यवस्थापिका मुलींच्या पेट्या, औषधे व आगगाडीची तिकिटे सांभाळते. उद्या मोठ्या जागेसाठी अर्ज करावयाचा म्हटले तर दाखला कोणत्या कामाचा मिळणार? पेट्या मोजल्याचा. आमच्या मते या साऱ्या अन्यायातील सर्वांत गुप्त आणि सर्वांत घातक भाग हाच आहे. कारण पैसा बुडाला तर एका वर्षाचा बुडतो, पण नाव बुडाले की पुढची सारी वाट बुडते.

कोणी म्हणेल, हा खेळ पाश्चात्त्यांचा, त्याचे लाड आम्ही का करावे? खेळ पाश्चात्त्यांचा हे खरे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने दहा फुटांवर फळांच्या टोपल्या ठोकून तो सुरू केला. परंतु पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो विद्यार्थिनींना शिकविला, हे फारसे कोणास ठाऊक नसते. १८९३ साली तेथे मुलींचा जो सामना झाला, त्याला पुरुष प्रेक्षकांस मज्जाव होता. म्हणजे हा खेळ जन्मल्यापासून वर्षभरात स्त्रियांचा झाला, आणि स्त्रीच्याच शिकवणुकीने झाला. मर्यादेच्या नावाने त्याला नाके मुरडणारांनी हे ध्यानात ठेवावे.

तिकडील पुढची कथा तर आम्हांस अधिक बोधप्रद आहे. १९७४ साली टेनेसी विद्यापीठाने पॅट समिट नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीस महिला संघाची मुख्य प्रशिक्षिका नेमले. पगार महिना अडीचशे डॉलर. संघाचे कपडे तीच धूत असे आणि संघाची गाडीही तीच हाकीत असे. आमच्या सभामंडपात असती तर तिलाही शाल मिळाली असती आणि गोष्ट तेथेच संपली असती. पण तिचे पद हे पद होते. ते वर्षावर्षाला नव्याने जन्मत नव्हते. अडतीस हंगाम ती त्या जागी राहिली. १,०९८ विजय व आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे तिच्या खाती जमा झाली. १९८४ च्या ऑलिंपिकात तिने अमेरिकेच्या महिला संघास सुवर्णपदक मिळवून दिले. सातत्य दिल्याने काय होते, याचा हा पुरावा.

मात्र तिकडे सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. १९७२ साली शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुषभेदास बंदी करणारा कायदा अमेरिकेत झाला. त्यापूर्वी महाविद्यालयांतील स्त्रियांच्या संघांना शिकविणारांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियाच होत्या. कायद्याने पैसा आला, पगार वाढले, आणि २०१४ पर्यंत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरले. काम फुकट होते तोवर ते बायकांचे होते. त्याला किंमत येताच ते पुरुषांस सुचू लागले. सेवेचे पावित्र्य सांगणाऱ्या आमच्या वृद्ध मित्रांनी यावर अवश्य विचार करावा. हे पावित्र्य नेमके कोणासाठी राखून ठेविलेले असते?

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षिका मेरियन स्टॅन्ली यांनी १९९३ साली पुरुष संघाच्या प्रशिक्षकाइतके वेतन मागितले आणि विद्यापीठाविरुद्ध दावा लाविला. बाईंच्या नावावर तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे होती. १९९४ व १९९९ साली अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. कारणे अशी की, पुरुष प्रशिक्षकाचा अनुभव अधिक, आणि संघाची प्रसिद्धी करणे व निधी जमविणे हा बोजाही त्याच्यावर अधिक. न्यायालयाचा अवमान न करता आम्ही एवढेच म्हणू की, या युक्तिवादात एक चक्र आहे. स्त्रियांच्या संघाच्या प्रसिद्धीवर खर्च करावयाचा नाही; म्हणून प्रेक्षक नाहीत; प्रेक्षक नाहीत म्हणून उत्पन्न नाही; आणि उत्पन्न नाही म्हणून प्रशिक्षिकेस वेतन नाही. हेच चक्र इंदुरात लहान प्रमाणावर फिरते आहे.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न आम्ही टाळीत नाही. पण त्याचेही उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. होळकरांचा क्रिकेट संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही मंडळी इंदुरास काय हवा खावयास राहिली होती? महाराज यशवंतरावांनी खेळाडूंना आपल्या सैन्यात हुद्दे दिले, पगार दिले. तेव्हा कोणी असे म्हटले नाही की, नायडूंनी एका पैशाची अपेक्षा न धरता षटकार मारावेत. पुरुषाचा खेळ राजाश्रयास पात्र आणि स्त्रीचे शिकविणे सेवाभावास पात्र, हा न्याय आम्ही कोणत्या शास्त्रातून काढला?

उरला तो ‘आमच्या मुली सुरक्षित राहतील काय’ हा आक्षेप. तो खऱ्या काळजीतून येतो, म्हणून त्यास आम्ही हसत नाही. परंतु त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. ज्या कोर्टावर स्त्री प्रशिक्षिका कायम पदावर आहे, तेथे मुलीला तक्रार सांगावयास कोणी तरी आहे. जिची नेमणूक दर एप्रिलात संपते ती प्रशिक्षिका कोणत्या बळावर कोणाविरुद्ध तोंड उघडील? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, क्रीडांगणे व स्पर्धांची ठिकाणे ही नावानिशी अंतर्भूत आहेत. कायदा आहे, परंतु तो अमलात आणणारे माणूस आपल्या जागेवर पक्के असावे लागते. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले आणि रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखाली मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हाही घराण्याच्या अब्रूची हीच काळजी लोकांस वाटत होती. आज आमच्या घरी आजारपण आले की प्रशिक्षित परिचारिका मिळावी म्हणून आम्ही धावाधाव करतो, आणि तिचा पगार देताना तिच्या सेवेचे पावित्र्य बिघडेल अशी शंका आम्हांस येत नाही.

आता आमची मागणी. सरकारने पदे निर्माण करावीत, अतिथींचा प्रश्न सोडवावा, हे तर आम्ही म्हणतोच. परंतु सरकारला शहाणपण शिकविणारे लेख पुष्कळ निघतात, म्हणून येथे आम्ही फक्त स्वतःच्या घराविषयी बोलतो. आमच्या समाजातील किती तरी मंडळी शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. आमच्या देवस्थानांच्या विश्वस्त निधींतून दरवर्षी शिष्यवृत्त्या दिल्या जातात. कार्यकारिणीवरील सभासदांनी आपल्या संस्थेत मुलींच्या संघास कोण शिकविते हे विचारावे. तिला बारा महिन्यांचे लेखी नियुक्तिपत्र मिळावे, त्यात ‘प्रशिक्षिका’ हाच शब्द असावा, प्रसूतीच्या वर्षी पत्र गळू नये, आणि स्पर्धेच्या यादीत ती जे काम करते त्याच कामापुढे तिचे नाव यावे. यांतील निम्म्या गोष्टींस एक पैसाही लागत नाही; केवळ खरे लिहिण्याची तयारी लागते. विश्वस्तांनी वैद्यकी व इंजिनियरिंगच्या शिष्यवृत्त्यांबरोबर ग्वाल्हेर वा पतियाळा येथे शिकू इच्छिणाऱ्या एका तरी मुलीची सोय करावी. उत्सवातील रोषणाई एका रात्रीपुरती आवरली तरी तेवढे भागेल, असा आमचा अंदाज आहे. हिशेबतपासनीसांनी तो पडताळून पाहावा.

आणि सत्काराविषयी. सत्कार बंद करा असे आम्ही म्हणत नाही. शाल ऊब देते, श्रीफळ मंगल आहे. पण यापुढे आमच्या व्यासपीठावरून कोणाही शिक्षिकेच्या मानपत्रात ‘निःस्वार्थ’, ‘निरपेक्ष’, ‘विनामूल्य’ असे शब्द घालण्यापूर्वी तिला एकदा विचारावे की, बाई, हे खरे आहे काय? ती हो म्हणाली, तर खुशाल लिहावे. ती गप्प राहिली, तर मानपत्र बाजूस ठेवून तिच्या संस्थेच्या चिटणिसास पत्र लिहावे.

आम्ही त्या बाईंना तसे विचारले नव्हते. विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे आम्हांस आता ठाऊक आहे. आमच्या कचेरीतून निघताना ते मानपत्र आम्ही ठेवून घेऊ काय असे आम्ही त्यांस विचारले, तेव्हा त्यांनी मान हलविली आणि ते पुन्हा वेष्टनात घातले. अकरा वर्षांच्या कामाबद्दल समाजाने दिलेला तेवढाच एक कागद त्यांच्यापाशी आहे, आणि त्यातील मुख्य वाक्य खोटे आहे. ते आम्ही लिहिले, म्हणून ते आम्हीच येथे जाहीरपणे मागे घेतो. बाईंना पैशाची अपेक्षा होती. ती रास्त होती. ती आम्ही सर्वांनी मिळून बुडविली.